सागरी काँक्रीटचा टिकाऊपणा : एका मानकाची चिकित्सा

भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीतील सागरी काँक्रीटविषयक नियम १९७८ च्या आवृत्तीपेक्षा निःसंशय कडक आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील प्रबलित काँक्रीटसाठी तीत दर घनमीटरास किमान ३६० किलो सिमेंट, ०.४० पाणी-सिमेंट गुणोत्तर, एम-४० दर्जा व ७५ मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे. तुषारांच्या पट्ट्यासाठी मात्र ०.४५, एम-३५ व ५० मिलिमीटर एवढ्यावरच समाधान मानले आहे. हा क्रम पोलाद गंजण्याच्या प्रक्रियेशी कितपत जुळतो?

सदैव पाण्याखाली असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड शिरते खरे. परंतु प्राणवायू अत्यल्प मिळत असल्याने गंज मंदगतीने वाढतो. त्या भागास खालची श्रेणी देणे योग्यच होय. भरतीरेषेच्या वर भिजून पुन्हा वाळणाऱ्या भागाची गोष्ट निराळी. तेथे पाणी उडून जाते, मीठ मागे उरते आणि प्राणवायूही सहज पोचतो. असा भाग दुय्यम मानणे समर्थनीय नाही. विसरणाच्या साध्या नियमानुसार क्लोराइड पोलादापर्यंत पोचण्याचा अवधी आच्छादनाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. इतर सर्व समान असता ५० मिलिमीटरला ७५ च्या निम्म्याहूनही कमी अवधी मिळतो. आणि ७५ ऐवजी प्रत्यक्षात ६० च पडले, तर ३६ टक्के अवधी वाया जातो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अठ्ठावीस दिवसांची घनाची ताकद हा टिकाऊपणाचा पुरावा नव्हे. साध्या पोर्टलंड सिमेंटचे व झोतभट्टीच्या मळीचे काँक्रीट एकाच दर्जाचे ठरू शकते. परंतु योग्य काळ पाणी मारल्यास दुसऱ्याची छिद्रे अधिक सूक्ष्म होतात व क्लोराइडला ते कितीतरी जास्त अडविते. मानक अशा सिमेंटला हितावह म्हणून थांबते. याच मानकाने सल्फेट व क्लोराइड एकत्र असता सल्फेटरोधक सिमेंट टाळण्याचा सल्ला दिला आहे, कारण ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट कमी असल्यास क्लोराइड बांधले जात नाही. ही रासायनिक जाण सर्वत्र का लावू नये?

ठाणे खाडीवरील १९७० च्या दशकातील पुलाच्या ताणतारा गंजल्या, ही घटना फार जुनी नाही. क्लोराइडरोध मोजून पाहणे आणि साचा काढल्यावर आच्छादन तपासणे या दोन अटी बंधनकारक झाल्याखेरीज तक्त्यातील आकडे केवळ कागदावरच टिकतील.