मुक्त पाठ्यपुस्तक आणि चवदार तळे

ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावर या पानांतून लिहावयाचे म्हटले तर काहींना नवल वाटेल. कविता, आत्मकथन, चळवळ यांची चर्चा येथे होते. पुस्तकांच्या कपाटांचा हिशेब येथे कशाला? परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराजवळ फिरकू दिले गेले नाही, त्या समाजाने तरी पुस्तक कोण लिहितो, कोण मांडतो आणि कुलूप कोण लावतो हा प्रश्न साहित्याबाहेरचा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०२३ साली 'स्कॉलर्ली कम्युनिकेशन लायब्ररिअनशिप अँड ओपन नॉलेज' हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. मारिया बॉन, जॉश बोलिक आणि विल क्रॉस हे त्याचे संपादक. विषय आहे विद्वानांचा ज्ञानव्यवहार. शोधनिबंध कोण लिहितो, कोण तपासतो, छापताना त्याचा हक्क कोणाकडे जातो आणि विद्यापीठाच्या पगारावर लिहिलेला तोच निबंध विद्यापीठाचे ग्रंथालय पुन्हा पैसे मोजून का विकत घेते, हा या पुस्तकाचा गाभा. ते संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. व्यापारासाठी नसेल आणि मूळ लेखकांचा उल्लेख केला असेल, तर त्याचे भाषांतर करण्याची, त्यात भर घालण्याची मुभाही दिलेली आहे. ज्या गोष्टीचा उपदेश करावयाचा ती आधी स्वतः आचरणात आणावयाची, ही या संपादकांची नीती मला मोलाची वाटते.

मोलाची वाटते, कारण पुस्तकाची किंमत म्हणजे काय हे मी जाणतो. बाप कळमना बाजारात हमाल. घरात पदवी घेणारा मी पहिला. ग्रंथालयशास्त्र शिकलो ते झेरॉक्सच्या पानांवर. ती पानेही दोघांत एक. मी शिकत होतो त्या महाविद्यालयात संदर्भग्रंथांचे कपाट होते. त्याची किल्ली कोणाकडे असते हे मला शेवटपर्यंत कळले नाही. ग्रंथ वापरासाठी असतात, हा रंगनाथनांचा १९३१ सालचा पहिला नियम मी त्या बंद कपाटासमोर बसून पाठ केला!

झेरॉक्सवर शिकणे ही चोरी आहे काय? २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच डिसेंबरात खंडपीठानेही अध्यापनाच्या गरजेपुरती नक्कल कायद्यात बसते हे तत्त्व मान्य केले आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निकाल गरीब विद्यार्थ्याचा आहे. पण आमच्या किती विद्यार्थ्यांना तो ठाऊक आहे?

गेल्या वर्षी या पुस्तकातील एका प्रकरणाच्या प्रती काढून मी वर्गात वाटल्या. आठवड्यानंतर एक मुलगी प्रत परत घेऊन आली. म्हणाली, "सर, पुस्तक खुलं आहे. पण मी इंग्रजीच्या दाराशीच अडते." त्या दिवशी मनीषनगरला खोलीवर परतताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबली आणि मला महाड आठवले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चालत गेली तेव्हा. खुले करणे आणि खुले असणे यांत जे अंतर असते ते आपल्याइतके कोणी मोजलेले नाही. मुक्त पाठ्यपुस्तकाकडेही आपण याच अनुभवातून पाहिले पाहिजे. ठराव झाला, उत्तम झाले. पाणी कोण पितो?

या पुस्तकाने एक कुलूप उघडले, ते किमतीचे. दुसरे कुलूप भाषेचे. मराठीत ग्रंथालयशास्त्राची पुस्तके नाहीत असे नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने हा विषय मराठीतून शिकविला आहे. युनेस्कोने २०१५ साली ग्रंथालयशास्त्राच्या शाळांसाठी मुक्त प्रवेशावरील पाठ्यपुस्तिका काढल्या, तेव्हा त्या कामात दिल्लीच्या संस्थेचा हात होता. पण त्याही इंग्रजीत. स्वामित्वहक्क, परवाना, लेखकाकडूनच छपाईचे पैसे घेणारी नियतकालिके यांवर वर्गात हाती द्यावे असे मराठी प्रकरण मला सापडले नाही.

तिसरे कुलूप अधिक जुने आहे. ते मांडणीचे. मेल्व्हिल ड्युईने १८७६ साली दशांश वर्गीकरण काढले. धर्माच्या २०० ते २९९ या आकड्यांपैकी बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिली आणि जगातले बाकीचे धर्म शेवटच्या दहा आकड्यांत कोंबले. बुद्ध २९४.३ मध्ये बसतो. याच ड्युईच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता. म्हणून अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले. आम्हाला शिकविलेल्या टिपणांत ड्युई हा केवळ थोर पुरुष होता. वर्गीकरण हे निर्जीव आकड्यांचे काम नाही. कोण कोणाशेजारी बसेल आणि कोण वेशीबाहेर राहील हे ते ठरविते. हे आपल्याला वेगळे शिकवावे लागते काय?

आता या पुस्तकाच्या मर्यादेविषयी. विषमतेचा प्रश्न संपादकांनी टाळलेला नाही. परंतु सारा हिशेब त्यांनी मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठ धरून मांडला आहे. तेथे लेखकाला पगार आहे, ग्रंथपालाला पद आहे. आमच्याकडे अध्यापकांची एक पिढीच तासिका तत्त्वावर राबते आहे. 'ज्ञान विनामूल्य द्या' हे तिला सांगणे सोपे. पण विनामूल्य राबण्याची सक्ती आपल्या बापजाद्यांवर वतन म्हणून लादलेली होती, हे विसरून चालणार नाही. वाचकाला फुकट हवे आणि लिहिणाऱ्याला दाम हवा. दोन्ही मागण्या एकाच वेळी केल्या पाहिजेत.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लाभ केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांना. खासगी संस्थांनी चालविलेल्या महाविद्यालयांतील मुलांचे काय? शिवाय पैसा गेला तो त्याच प्रकाशकांकडे. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली मान्य नियतकालिकांची केअर यादी लागू केली आणि २०२५ साली ती मागे घेतली. यादी आली तरी आणि गेली तरी, किसन फागोजी बनसोडे यांनी याच नागपुरात स्वतःचा छापखाना घालून काढलेली पत्रे, 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) ही परंपरा ज्ञानव्यवहाराच्या कोणत्या प्रकरणात येते? माझ्या मते पहिल्याच प्रकरणात यावयास हवी.

एक उदाहरण देतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हा १९३६ चा मूळ इंग्रजी ग्रंथ आज कोणीही छापू शकतो. पण 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९८७ साली प्रथमच प्रसिद्ध झाला. लेखकाच्या निधनानंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची मुदत, कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे, प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे तो २०४७ अखेरपर्यंत बंद! हा एक धडा वर्गात मांडला तर स्वामित्वहक्काचा कायदा कोणाही विद्यार्थ्याला जन्मभर विसरता येणार नाही.

आपले दोषही आपणच सांगितले पाहिजेत. आपल्या नियतकालिकांचे जुने अंक कार्यकर्त्यांच्या घरी पेट्यांत पडून आहेत. त्यांची सूची नाही. मागायला गेले तर संशय. कोणी नेले तर परत येत नाहीत, हेही खरे. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे विखुरलेले लेखन गोळा करून संपादित केले म्हणून १९७९ पासूनचे खंड आपल्या हाती आले. ते काम एका माणसाच्या चिकाटीवर उभे राहिले. चिकाटीची परंपरा होते ती शिकविल्याने, आणि शिकविण्यासाठी पाठ्यपुस्तक लागते.

म्हणून या पुस्तकाचे स्वागत करून थांबू नये आणि परके म्हणून झिडकारूही नये. परवाना आपल्या हातात आहे. प्रत्येक शिक्षकाने एक प्रकरण मराठीत आणावे. आपल्या नियतकालिकांवरचे, वर्गीकरणातील जातीवरचे, झेरॉक्सच्या खटल्यावरचे प्रकरण आपण नव्याने लिहावे. त्या मुलीला सोबत घेऊन मी एक प्रकरण सुरू केले आहे. 'एम्बार्गो' या शब्दाशी आम्ही दोन संध्याकाळी अडलो. शेवटी तिनेच 'रोखमुदत' सुचविला.

घरी मायने विचारले, "बाबू, फुकट हाय म्हन्ते ते पुस्तक, तं मंग पोरं काहून नाई वाचत?" तिला महाडची गोष्ट ठाऊक आहे. मी एवढेच म्हणालो, "अजून ठरावच झाला आहे, माय. चालत जायचे बाकी आहे."