पदवीचे पहिले वर्ष आणि हार्डींचे पुस्तक

बारावीला गणितात उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी बी.एस्‌सी.ला गणित घेतो आणि पहिल्याच सत्रात गांगरून जातो, हे महाविद्यालयीन शिक्षकांना नवीन नाही. तोवर त्याने सीमा काढल्या, विकलन केले, उत्तरे पुस्तकाच्या शेवटी ताडून पाहिली. आता त्याला विचारतात : सीमा म्हणजे काय? ती आहे हे कशावरून? नेमक्या या वळणावरच्या विद्यार्थ्यासाठी जी. एच. हार्डी यांनी १९०८ साली 'अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स' लिहिले. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती ते द्यावे का, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

पुस्तकामागे एक भांडण आहे. केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा त्या काळी भराभर उदाहरणे सोडवण्याची शर्यत होती. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत आणि त्यांचे क्रमांक लावत. १८९९ साली आपले र. पु. परांजपे तीत विभागून पहिले आले. आदल्या वर्षी हार्डी चौथे होते. हार्डींना ही शर्यत मान्य नव्हती. फ्रान्स-जर्मनीत विश्लेषणाचा पाया काटेकोरपणे रचला गेला असताना केंब्रिज मागे राहिले, ही त्यांची तक्रार होती. १९०९ नंतर क्रमांक लावणे बंद झाले.

पुस्तकाचे खरे बळ चौथ्या प्रकरणात आहे. १, १/२, १/३, १/४… ही क्रमिका शून्याकडे जाते, हे पटवण्यासाठी हार्डी एक शंकेखोर प्रतिपक्षी उभा करतात. तो ०.००१ म्हणतो, आपण सांगायचे, हजाराव्या पदापुढची सारी पदे त्याहून लहान आहेत. तो ०.००००००१ वर उतरतो. आपण एक कोटीव्या पदापुढे जायचे. आकडा आधी त्याने द्यायचा, उत्तर मागाहून आपण. हा क्रम उलटला, आपणच आधी 'हजार' म्हणून बसलो, तर तो ०.०००१ म्हणेल आणि १००१ व्या पदालाच आपण हरू. एप्सिलॉनची व्याख्या तोंडपाठ असणारे कित्येक विद्यार्थी इथेच चुकतात, कारण व्याख्येत दडलेला हा संवाद त्यांना कुणी ऐकवलेला नसतो.

उणिवाही सांगायला हव्यात. शिष्यवृत्तीच्या तोडीचे विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे, आणि ते जाणवते. पहिल्या प्रकरणातील वास्तव संख्यांची मांडणी (डेडेकिंडची पद्धत १९१४ च्या आवृत्तीत आली) नवख्याला दारातूनच परत पाठवते. सरावाची बरीच उदाहरणे ट्रायपॉसच्याच प्रश्नपत्रिकांतली आहेत. पुढच्या दाराने घालवलेली शर्यत मागच्या दाराने आत आली आहे. नावात 'शुद्ध गणित' असले तरी आज पदवीला आवश्यक असलेले गट आणि सदिश अवकाश हे विषय यात नाहीत. आज लिहिले असते तर इतक्या आवेशाने लिहिले नसते, अशी कबुली १९३७ च्या प्रस्तावनेत हार्डींनीच दिली आहे.

तरी आमचे मत पुस्तकाच्या बाजूचे आहे, एका अटीवर. आपल्या परीक्षांत 'व्याख्या लिहा, प्रमेय सिद्ध करा' असे विचारले जाते आणि सिद्धता पाठ करून गुण मिळतात. ही ट्रायपॉसचीच दुसरी तऱ्हा झाली. हार्डींची पाने त्याच रीतीने घोकायची असतील तर पुस्तक कपाटातच बरे. चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, दोघांनी मिळून वाचावे, एकाने शंका घ्याव्यात. पहिल्या प्रकरणाकडे नंतर वळावे.

शाळेतल्या शिक्षकांनी तर महाविद्यालयाची वाट पाहू नये. ०.९९९… आणि १ यांत काही फरक उरतो का, हा प्रश्न नववीच्या वर्गातही टाकता येतो. मुलांचे दोन पक्ष करावेत. एकाने ०.००१ म्हणावे. दुसऱ्याला तीन नऊ पुरणार नाहीत, कारण फरक नेमका तेवढाच राहतो. चौथा घ्यावा लागेल. तो का, हे ज्याने स्वतः शोधले, त्याला पदवीचे पहिले सत्र परके वाटणार नाही.