कळफलकाची सुबोधता
साधनाची सुबोधता कळांच्या संख्येवरून ठरविणे युक्त नव्हे. वापरणाराच्या पूर्वज्ञानाचा ते साधन कितपत उपयोग करून घेते, हीच खरी कसोटी होय. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेला संगणकाचा इनस्क्रिप्ट कळफलक या कसोटीस बव्हंशी उतरतो. स्वर डावीकडे, व्यंजने प्रायः उजवीकडे. ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. टंकलेखनयंत्रावर ‘कि’ची वेलांटी अक्षराआधी उमटवावी लागे, येथे उच्चाराचाच क्रम पुरतो. वर्णमाला जाणणाऱ्याचे पाठांतर त्यामुळे पुष्कळ हलके होते. तथापि कळांवर ही अक्षरे बहुधा छापलेली नसतात. परिणामी नवागत रोमन लिपीकडे वळतो आणि मराठी शब्द परक्या वर्णांतून लिहू लागतो. सशास्त्र रचना दृष्टीस न पडणे, हा तिच्या सुबोधतेतील मोठाच उणेपणा मानला पाहिजे.