सट्टेबाज : एका शब्दाची कैफियत

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, तेव्हा मला माझी आजी आठवते. तिच्या एका दिरांनी कापसाच्या सौद्यात एकत्र कुटुंबाचे घर घालवले होते. त्यांचे नाव निघाले, की ती एवढेच म्हणे, ‘भावोजी सट्टेबाज निघाले!’ आम्ही नातवंडेही आज शेअर घेतो. पण स्वतःला म्हणवतो गुंतवणूकदार. तेव्हा या बदनाम शब्दाचे कूळ पाहावेसे वाटले.

‘सट्टा’ हा मुळात बाजारचा सभ्य शब्द. प्राकृतातल्या ‘सट्ट’चा अर्थ विनिमय, अदलाबदल. आपले ‘साटेलोटे’ त्याच घरचे. म्हणजे सट्ट्याला दोन पक्ष लागतात. भाव पडण्याचे भय एकाने सोडायचे, दुसऱ्याने ते अंगावर घ्यायचे. पुढे त्याला फारसी ‘बाज’, म्हणजे खेळणारा, चिकटला आणि हा शब्द दगाबाजाच्या पंक्तीला जाऊन बसला.

‘स्पेक्युलेटर’ला आपण बेधडक ‘सट्टेबाज’ म्हणतो, ते मला पटत नाही. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला टेहळणीचा बुरूज आहे. रोमन सैन्यातल्या टेहळ्यालाही तेच नाव होते. तिकडचा शब्द दूरवर पाहतो, आपला नुसता खेळतो.

या दोन्ही अर्थांची गाठ मुंबईत पडते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इथल्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि शेअरांचे वेड पसरले. त्या बाजाराचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद. युद्ध संपले, १८६५ साली बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले. परंतु भरभराटीत त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. सट्टेबाजाने खरोखरच बुरूज बांधला! मात्र ज्याने तो बांधवला, त्याला १८६५ दिसले नव्हते.

मग आजी चुकली काय? मला तसे वाटत नाही. साट्याला दोन्ही पक्षांची संमती लागते. भावोजींनी घर पणाला लावले, तेव्हा त्या घरात चूल पेटवणाऱ्या बायकांना कोणी विचारले नव्हते. स्वतःची जोखीम घेतो, तो सट्टा करतो. दुसऱ्याचे छप्पर लावतो, तो ‘बाज’. आजीला व्युत्पत्ती ठाऊक नव्हती. शब्द मात्र तिने नेमका वापरला होता.