चारही काठ शाबूत

प्राचीन पेरूचा विणकर कापडाला सहसा कात्री लावत नसे. हव्या त्या मापाचा ताणा लावायचा आणि चारही बाजूंनी पक्का काठ येईल असं वस्त्र मागावरच पुरं करायचं, ही तिथली रीत. अंगरख्याच्या गळ्याची चीरसुद्धा पुष्कळदा विणतानाच सोडलेली असे. कात्री चालली ती नंतर, थडगी उकरणाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. या कलेच्या आजच्या अवस्थेचं मूळ मला तिथे दिसतं.

परंपरा फार जुनी आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या उआका प्रिएता इथे निळीने रंगवलेलं सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचं सुती कापड मिळालं. ते मागावरचं नाही, बोटांनी धाग्याला धागा पिळून केलेलं आहे. पुढे पाराकासच्या वाळवंटात १९२७ साली पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांना वस्त्रांत गुंडाळलेल्या मृतदेहांची ४२९ गाठोडी सापडली. कोरड्या वाळूने लोकरीच्या भरतकामाचे रंग दोन हजार वर्षं जपले होते.

या विणकरांची खरी झेप दिसते ती तुटक ताण्यात. एरवी ताण्याचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातो. इथे मात्र जिथे रंग बदलायचा तिथे एक तात्पुरता आडवा धागा बांधतात. लाल ताणा त्याला वळसा घालून मागे फिरतो, पलीकडून पिवळा येऊन भिडतो. मग लाल चौकोनात लालच बाणा, पिवळ्यात पिवळाच. शेवटी आधाराचा धागा काढून घेतला की दोन निर्भेळ रंग एकमेकांना घट्ट धरून राहतात. पेरूतल्या प्राचीन वारी संस्कृतीच्या अंगरख्यांत शेजारच्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवलेले असतात. बाणे अडकवण्याचं हे तंत्र पैठणीतही आहे, त्यामुळे त्यातले कष्ट मराठी वाचकाला वेगळे सांगायला नकोत.

अशी वस्त्रं तुकडे करून विकली गेली, तुकडे चौकटीत बसले आणि समीक्षकांनी त्यांना चित्र मानलं. पक्षी, मार्जारमुखी देव, भौमितिक आकृत्या यांवर भरपूर लिहिलं गेलं. धागा कुठून वळला हे फार थोड्यांनी पाहिलं. अ‍ॅनी आल्बर्स यांनी ते पाहिलं. स्वतः विणकर असलेल्या या बाईंनी १९६५ सालचा आपला विणकामावरचा ग्रंथ प्राचीन पेरूच्या विणकरांनाच गुरू म्हणून अर्पण केला. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराने तस्करीतून आलेली पाराकास वस्त्रं २०१४ पासून पेरूला परत द्यायला सुरुवात केली, हेही स्वागतार्हच.

मात्र ही कला केवळ संग्रहालयाची नाही. निल्दा कायान्याउपा यांच्या पुढाकाराने १९९६ साली पेरूतल्या कुस्को शहरात पारंपरिक वस्त्रकलेचं केंद्र उभं राहिलं. चिंचेरो गावच्या बायका आजही कमरेला पट्टा बांधून ताणा ताणतात, कोचिनील किड्यापासून लाल रंग काढतात. पितुमार्का गावात तुटक ताण्याचं विणकाम पुन्हा सुरू झालं आहे. त्याच कुस्कोच्या बाजारात कृत्रिम धाग्याचं यंत्रावरचं कापड हातमागाचं म्हणून खपतं, आणि महिनोन्‌महिने खपून विणलेल्या वस्त्राला त्याच्याशी भावात टक्कर द्यावी लागते.

संग्रहालयांनी या वस्त्रांची मागची बाजू आणि काठ दाखवावेत, वीण समजावून सांगावी. आणि आज विकत घेणाऱ्याने विणणारीचं नाव विचारून पुरता दाम मोजावा. वीण ओळखणारं गिऱ्हाईक उरलं तरच ही विद्या पुढच्या पिढीच्या हातात जाईल.