ओवीतील दुसरा आवाज

जात्यावरील ओवीला आपल्या समीक्षेने स्त्रीचे आत्मगत मानले आणि भावकवितेच्या निकषांवर तिचे मोल ठरविले. सासुरवास, माहेर, भाऊराया ही आशयसूत्रे त्यातून हाती लागली. पण ओवी बहुधा दोघींची असते, हे मात्र निसटले. समोरासमोर बसलेल्या दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि एकीने उचललेला चरण दळणाची लय न मोडता दुसरीने धरणे, ही तिची घडण आहे. ओवीत वारंवार येणारे 'बाई', 'सखे' हे संबोधन छापील पानावर पादपूरक वाटते. जात्यावर ते ऐकणारी हाताच्या अंतरावर असते. तिने सल्ला द्यायचा नसतो, सांत्वनही करायचे नसते. चरण उचलला की तिचे उत्तर झाले. शिवाय जात्याच्या घरघरीमुळे बोल उंबऱ्याबाहेर जात नाहीत. सासूविषयीचे जे इतरत्र उच्चारता येत नाही ते येथे येते, ते या आडोशामुळे.

साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'ने ओव्या विषयवार लावल्या. त्या संग्रहाचे ऋण मोठे आहे. परंतु विषयवारीत कोणी कोणाला म्हटले हे उरत नाही. हेब्रिडीज बेटांवरील बायकांची लोकरी कापड मळतानाची गीते कॅम्पबेल व कॉलिन्सन यांनी 3 खंडांत (1969–1981) छापली, तेव्हा अर्थहीन पालुपदे आणि सुरावटीही राखल्या. आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव-गाव आले. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणही झाले. समीक्षक अजून पाठच वाचतो आहे.

पालघर परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. 1969मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पिठाच्या गिरणीने जाते कोपऱ्यात सारले. गिरणीने बाईचे कष्ट वाचविले; त्यावर हळहळणे हा न दळणाऱ्यांचा शौक आहे. परंतु गिरणीवर बाया रांगेत एकामागे एक उभ्या राहतात. खुंटा हाती नसला, समोर कोणी नसले की ओवी आठवत नाही, असे म्हाताऱ्या बायका सांगतात. आपले संकलक त्याची नोंद 'विस्मरण' म्हणून करतात आणि पुढच्या घरी, पुन्हा एकटीलाच गाठायला, निघतात.