हाडांचे जनुक : एका दाव्याची उलटतपासणी

दिव्यासारख्या उपनगरात हाडांच्या तपासणीचे मोफत शिबिर ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. यंत्रात टाच ठेवायची, कागदावर उणे आकडा येतो आणि शेजारचे कोणीतरी म्हणते, ‘हे आईकडूनच आलेले, करणार काय?’ तेच वाक्य आपल्या वर्गातल्या मुलींच्या कानावर पडते. म्हणून त्यामागचे विज्ञान आपण तपासून पाहू.

घराण्याचा वाटा खोटा नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांच्या अस्थिघनतेत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून अधिक, काही अंदाजांत ८० टक्क्यांपर्यंत, आनुवंशिक असतो. मग ते जनुक कोणते? १९९४ साली सिडनीच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये उत्तर दिले : ड जीवनसत्त्वाच्या ग्राहकाचे जनुक. एकूण आनुवंशिक परिणामापैकी ७५ टक्क्यांपर्यंत वाटा या एकाच जनुकाचा, असा तो दावा होता. ड जीवनसत्त्वावाचून आतड्यात कॅल्शियम नीट शोषले जात नाही, तेव्हा कल्पना पटण्यासारखी होती. पण १९९७ साली ‘नेचर’मध्येच दुरुस्ती छापावी लागली. काही जुळ्यांचे जनुकप्रकार चुकीचे ठरवले गेले होते. परिणाम प्रत्यक्षात बराच क्षीण होता. २००६ साली युरोपातील २६ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात या जनुकाच्या नेहमीच्या रूपांचा घनतेशी संबंध दिसला नाही. दावा गाजला, दुरुस्ती मात्र फारशी कुणापर्यंत पोचली नाही.

एका जनुकाने हाडे ठरतात, अशी उदाहरणे आहेत, पण विरळा. ‘एलआरपी ५’ हे जनुक निकामी झाले तर बालपणीच हाडे मोडतात व दृष्टी जाते (२००१). त्याच जनुकात वेगळा बदल झाला तर हाडे विलक्षण दाट होतात (२००२). बाकी आपणा सर्वांच्या बाबतीत २०१९ सालचा ब्रिटनमधील सव्वाचार लाखांवर लोकांचा अभ्यास पाहावा. त्यात जनुकसंचातील ५१८ जागा सापडल्या. साऱ्या मिळून टाचेच्या अंदाजित घनतेतील जेमतेम २० टक्के फरक समजला.

आता ‘८० टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ. तुमच्या हाडाचे ८० टक्के आईबापांनी दिले, असा तो नाही. तो आकडा एका समूहातील फरकाचा आहे. सर्व मुलींना सारखेच दूध, सारखेच ऊन, सारखाच खेळ मिळाला, तर उरलेला फरक जनुकांचाच दिसणार. आहारात तफावत असेल तर तोच आकडा खाली येईल. आणि आकडा मोठा असला तरी आहार सुधारून सर्वांचीच सरासरी वाढू शकते.

आपल्या जवळचा पुरावा पुण्याचा आहे. के.ई.एम. रुग्णालयाने १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी मोजली. निष्कर्ष २००६ साली आले. मुलांची हाडे आईशी जुळत होती, तशीच आणि तेवढीच वडिलांशीही. म्हणजे ‘आईकडूनच’ हा समज तिथेच ढासळतो. शिवाय ज्या आयांनी गरोदरपणी कॅल्शियमयुक्त पदार्थ वरचेवर खाल्ले, त्यांच्या मुलांची घनता अधिक होती. अर्थात हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. घरातले साम्य हेही निव्वळ जनुकांचे नसते, कारण चूलही एकच असते.

शिबिरातल्या आकड्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. उणे २.५ ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ची सीमारेषा कंबर, खुबा अशा ठिकाणच्या क्ष-किरण मोजणीसाठी आहे. टाचेच्या ध्वनिलहरींच्या मोजणीला ती जशीच्या तशी लावता येत नाही. आकडा कमी आला तर रीतसर तपासणी करावी. घाबरून गोळ्या सुरू करू नयेत, तसेच नशीब म्हणून सोडूनही देऊ नये.

हाडांची बरीचशी पुंजी पौगंडावस्थेत जमते, आणि दिव्याच्या दाट वस्तीत ऊन व मोकळी जागा दोन्ही दुर्मिळ. अशा वेळी नववीतल्या मुलीला ‘तुझ्या घराण्यातच आहे’ असे सांगणे हे अर्धवट विज्ञान आहे. आईचे हाड खुब्याला मोडले असेल, तर ती मुलीसाठी आधीच मिळालेली सूचना समजावी. नाचणी, दूध, डाळी यांचा आहार आणि मधल्या सुट्टीतले धावणे तिलाच सर्वांत अधिक हवे. खेळाचा तास गणितासाठी घेण्यापूर्वी आपण शिक्षकांनी एवढे आठवावे.